शाळेच्या गॅदरिंगमध्ये आमच्या मुलींनी नाचावे की नाही?

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी माणिकपूरच्या आमच्या विहारात वंदना संपली. सतरंज्या गोळा करता करता एका ताईंनी पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून आमच्या हातात दिला. शाळेचा कागद. वार्षिक स्नेहसंमेलनातील नृत्यासाठी पालकांची संमती. मुलगी नववीत. नृत्याचा प्रकार लावणी. सहीच्या जागी बापाने सही केली नव्हती, निळ्या पेनाने आडवी रेघ मारली होती. इतकी दाबून की कागद तिथे फाटला होता. "तुम्ही जरा ह्यांना समजावा," ताई म्हणाल्या. नेमके काय समजावायचे ते त्यांनी सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी ते आम्हालाही ठाऊक नव्हते.

आम्ही म्हणजे चौघे जण. १९९४-९५ साली माणिकपूर परिसरातल्याच एका शाळेत नववीच्या एका वर्गात होतो. तीन मुलगे आणि एक मुलगी. तेव्हा इथे महापालिका नव्हती, ती २००९ ला आली. पालघर जिल्हाही नव्हता, आम्ही ठाणे जिल्ह्यातले. आमचे बाप गिरण्या थंडावल्यावर, परळ-वरळीच्या चाळीतली खोली वाढत्या घराला पुरेनाशी झाल्यावर स्वस्त जागा बघत विरार लोकलच्या रुळांवरून इथवर आलेले. वर्गात वाडवळ होते, कुपारी ख्रिस्ती होते, गुजराती दुकानदारांची मुले होती, कोकणातून आलेली होती, आणि शेवटच्या दोन बाकांवर आम्ही. एकत्र लिहायची ही आमची पहिलीच वेळ नाही, पण ह्या विषयावर चौघांचे एकमत व्हायला बराच वेळ लागला. अजूनही पुरते झालेले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तर गॅदरिंग. आमच्या शाळेत नाट्य किंवा नृत्य हा विषय म्हणून कधीच शिकवला गेला नाही. होते ते गॅदरिंग. नोव्हेंबरात एक बाई वर्गात यायच्या, मुलांवरून नजर फिरवायच्या आणि बोट दाखवून निवड करायच्या. ह्या बोट दाखवण्यात काय काय असते ते आम्हाला फार नंतर कळले. शिवाजी महाराज, चिमाजी अप्पा, राजकन्या, परी, भारतमाता ही बोटे पुढच्या बाकांवर पडायची. मावळे, पहारेकरी, झाड, गर्दी आणि पडदा ओढणे ही मागच्या बाकांवर. कोणी जात विचारत नसे. विचारायची गरजच नव्हती. रंग, कपड्यांची इस्त्री आणि उच्चार एवढे पुरेसे होते. आमच्यातला एक जण तीन वर्षे सलग पहारेकरी होता. भाला तोच, वर्षागणिक फक्त त्याची चांदी उडत गेली.

उच्चाराची गोष्ट तर विसरणे शक्यच नाही. आठवीत आमच्यातल्या दुसऱ्याला चुकून चार वाक्यांची भूमिका मिळाली. त्यातले एक वाक्य पाणी मागण्याचे होते. तो "पानी" म्हणायचा. बाईंनी त्याला सगळ्यांसमोर दहा वेळा "पाणी, पाणी" म्हणायला लावले, प्रत्येक वेळी वर्ग हसला, अकराव्या वेळी ते वाक्य दुसऱ्या मुलाला गेले. त्याच वर्षी जयंतीला वस्तीतल्या मोठ्या मुलांनी प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' ही एकांकिका बसवली होती आणि त्यात ह्याला उभे केले. पाणी मागण्याचा हक्क कोणाला असतो ह्यावरची ती एकांकिका ह्या पोराने "पानी" म्हणतच केली आणि मंडपातल्या कोणालाही त्यात काही चुकल्याचे जाणवले नाही. शाळेत नापास, मांडवात पास. पोर तेच, जीभ तीच.

पण आम्ही फक्त सोसणारेच होतो असे चित्र रंगवले तर ते खोटे ठरेल. नववीच्या गॅदरिंगमध्ये "आदिवासी नृत्य" होते. अंगाला काळा रंग, कमरेला झाडाचा पाला, डोक्यात कोंबडीची पिसे, हातात भाले, आणि तोंडाने काहीतरी निरर्थक ओरडत उड्या. त्यासाठी मागच्या बाकांना खास बोलावणे आले, आणि आम्ही तिघे आनंदाने गेलो. पहिल्यांदाच स्टेजच्या मध्यभागी नाचायला मिळाले होते! ह्याच तालुक्यात, वसईच्या पूर्वेला डोंगराच्या कडेने वारल्यांचे पाडे आहेत. तारपा वाजवणाऱ्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात घालून, पावलाला पाऊल जुळवत गोल फिरत जाणारा त्यांचा नाच लोकलने तासाभरात पोहोचाल इतका जवळ आहे. तो शिकवायला कोणाला बोलवावे असे शाळेला सुचले नाही, आम्हालाही नाही. आमच्या वर्गात एक वारली मुलगा होता. त्या दिवशी तो पहिल्या रांगेत खाली बसून आमच्याकडे बघत होता. तो हसत नव्हता. ज्याला पहारेकरी केले जाते तो संधी मिळताच दुसऱ्याला रानटी करतो. जातीची उतरंड बाबासाहेबांनी पुस्तकात समजावली, आम्ही ती अंगाला काळे फासून आधीच करून बसलो होतो.

आता आमच्यातल्या मुलीकडे येऊ. ती नाचायची. गणपतीच्या मिरवणुकीत नव्हे. घरात, रेडिओवर, ताल ऐकताच. नववीत कोळी नृत्यासाठी तिची निवड झाली. तिच्या वडिलांना कळले तेव्हा ते ओरडले नाहीत, मारले नाही. फक्त म्हणाले, "आपल्यात नाचत नाहीत." आणि जेवायला बसले. तिने कारण विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. विषय संपला. आम्ही तिघे पाला बांधून नाचलो त्याला मात्र कोणाच्याच बापाने हरकत घेतली नव्हती.

"आपल्यात नाचत नाहीत." ह्या तीन शब्दांच्या मागे काय आहे ते आम्हाला कळायला पुढची पंधरा-वीस वर्षे गेली, आणि ते कळल्यावर त्या बापाला सरसकट मागासलेला म्हणायची आमची हिंमत झाली नाही.

कारण सत्य असे आहे की आपल्यात नाचत होते. पिढ्यानपिढ्या. तमाशाच्या फडात नाचणाऱ्या बायका कोणत्या समाजांतून आल्या? महार, मांग, कोल्हाटी. वतनदाराच्या वाड्यासमोर, जत्रेत, पेठेत. नाचणारीचे अंग सगळ्यांचे आणि तिची सावली कोणालाही नको. लावण्या लिहिणाऱ्याचे नाव झाले, नाचणारीचे अंग झिजले. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, ब्राह्मणपण सोडून महार समाजातल्या पवळेबरोबर फडावर उभे राहिले, ही गोष्ट मराठी माणूस कौतुकाने सांगतो. त्यातली पवळा त्या कौतुकात किती उरते हे तपासून बघा. बापूरावांनी चळवळीसाठी देऊ केलेले तमाशाचे पैसे बाबासाहेबांनी नाकारले, आमच्या बायकांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून, असा प्रसंग आपल्याकडे सांगितला जातो. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांसमोर कामाठीपुऱ्यातल्या स्त्रिया, देवदासी, मुरळ्या, जोगतिणी बसल्या होत्या, आणि हे जगणे सोडा, असे त्यांनी त्यांना रोखठोक सांगितले. बोलणे कडक होते. पण ते ऐकून ज्या घरांनी घुंगरू कायमचे सोडले त्या घरांत पुढे शिक्षिका, नर्स, कारकून झाल्या. आमच्या मैत्रिणीचे वडील त्या घरांपैकी एका घरातले. त्यांच्या तीन शब्दांत आत्मसन्मानाची एक पूर्ण लढाई होती. फक्त ती त्यांनी मुलीला कधी सांगितली नाही.

इथे एक बारकावा आहे. आपल्या चळवळीने नाटक सोडले नाही. भीमराव कर्डकांचे जलसे नाशिककडून निघून गावोगाव फिरले. त्यांनी तमाशाचाच साचा घेतला, त्यातून गणपती काढला, गवळण काढली, आणि सवाल-जवाबात गावचा पाटील, भट, सावकार उभा करून लोकांना हसवत हसवत शहाणे केले. मिलिंद महाविद्यालयात १९५५ साली प्राचार्य म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' उभे राहिले, आणि पुढच्या वर्षी धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. म्हणजे कॉलेजच्या स्टेजवरचे नाटक ही बाबासाहेबांच्या संस्थेतली, आपल्या घरची गोष्ट आहे. अण्णा भाऊंनी लालबावटा कलापथकात तमाशाचे लोकनाट्य केले. पण जलशातून जेव्हा गवळण गेली तेव्हा नाचणारी बाईही गेली. तिला सोडवणे गरजेचेच होते. परंतु तिच्यासाठी दुसरी जागा स्टेजवर ठेवली गेली नाही. बायकांच्या भूमिकाही बऱ्याचदा पुरुषांनीच केल्या. नाटक आपण घरात घेतले, नाच उंबऱ्याबाहेर ठेवला, आणि नाचाबरोबर बाईचे शरीरच आपल्यासाठी संशयाचा विषय झाले. शैलजा पाईक ह्यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर पुस्तक लिहून हा प्रश्न जगापुढे ठेवला. आपल्या विहारांत मात्र त्यावर चर्चा अजून सुरू व्हायची आहे.

आणि आपण उंबऱ्याबाहेर ठेवले तेव्हा बाकीच्यांनी काय केले? तिकडे मद्रासेत देवदासींचा 'सादिर' होता. त्या बायकांना समाजाने बाजारबसव्या ठरवले, १९४७ च्या कायद्याने मंदिरातला त्यांचा नाच बंद झाला. आणि त्याच सुमारास तोच नाच उच्चवर्णीय मुलींनी उचलला, त्याचे भरतनाट्यम् झाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांचे कलाक्षेत्र १९३६ चे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी तो जपला त्या पदर डोक्यावर घेऊन गप्प बसल्या, आणि ज्यांच्या घरात नाचणे पाप होते त्या "शास्त्रीय नर्तिका" झाल्या. १९३६ हेच साल दोन्हीकडे येते हे आमच्या लक्षात आले तेव्हा आम्ही जरा वेळ गप्प होतो. एकीकडे आपल्या बायकांना नाच सोडा म्हणून सांगावे लागत होते, दुसरीकडे वरच्या जातींत नाच शिकण्याची शाळा निघत होती. दोघांचाही निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखा आहे. फक्त त्या दोन जागा सारख्या नव्हत्या.

ह्याचा आजच्या नववी-दहावीशी काय संबंध, असे कोणी विचारेल. थेट आहे. आज दहावीला शास्त्रीय नृत्य, गायन, वादन, चित्रकला, लोककला ह्यांसाठी वाढीव गुण मिळतात. कल्पना चांगलीच आहे. पण ते गुण शाळेत कला शिकल्याबद्दल नाहीत. शाळेबाहेर, खासगी क्लासला जाऊन, मान्यताप्राप्त संस्थेच्या परीक्षा पास झाल्याबद्दल आहेत. स्टेशनच्या पश्चिमेला सोसायट्यांच्या तळमजल्यावर संध्याकाळी कथक-भरतनाट्यम्‌चे क्लास भरतात. महिन्याची फी, घुंगरू, पोशाख, परीक्षेची फी, ने-आण करायला मोकळी असलेली आई. हे सगळे असेल तर ते गुण मिळतात. आपली मुलगी त्याच वेळी धाकट्या भावाला सांभाळत असते. लोककलेच्या रकान्यातही नुसते येऊन भागत नाही, कागद लागतो. जयंतीच्या मंडपात रात्रभर भीमगीते गाणाऱ्या पोराकडे तो कागद कुठून येणार? नववी-दहावीला 'स्व-विकास व कलारसास्वाद' नावाचा विषय आहे, पुस्तकही आहे. किती शाळांत त्याचा तास खरोखर होतो आणि किती ठिकाणी तो गणिताला दिला जातो, हे तुमच्या मुलांनाच विचारा. म्हणजे नाच ज्यांच्या अंगातून पिळून काढला त्यांच्या मुलींना आज त्याचा एक मार्कही नाही, आणि गॅदरिंग आले की लावणीसाठी बोट मात्र त्यांच्यावरच पडते.

त्या कागदावरच्या मुलीचेही असेच झाले होते, हे आम्हाला दोन दिवसांनी कळले. ३ जानेवारीच्या निमित्ताने शाळेत सावित्रीमाईंवर छोटे नाटक होते. तिने त्यात काम मागितले होते. "तुझ्या आवाजाला ते शोभणार नाही, तू नाचात छान दिसशील," असे तिला सांगण्यात आले. सावित्रीमाई कोणाला मिळाली, हे सांगत बसत नाही. ज्याला तर्क करायचा त्याने करावा. त्या मुलीचाही ह्यात काही दोष नाही.

मग आम्ही चौघे त्या घरी गेलो. बाप रेल्वेत कामाला, रात्रपाळी करून नुकताच उठलेला. त्याने आम्हाला बसायला सांगितले आणि आम्ही बोलायच्या आतच म्हणाला, "भाऊ, तुम्ही शिकलेले आहात. पण माझ्या आजीचं काय झालं ते मला माहितेय. त्याच्यावर मला चर्चा नको." आम्ही तिघांनी माना खाली घातल्या. जी भाषणे तयार करून नेली होती ती तिथे काढायची सोय राहिली नाही.

बोलली ती आमची मैत्रीण. "दादा, माझ्या बाबांनी मला अस्संच थांबवलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्यांनी मला कारण सांगितलं नाही हो. मला वाटलं माझ्यातच काहीतरी घाण आहे. पुढं कॉलेजात, नोकरीत, लग्नात, कुठंही गाणं लागलं की मी हात मांडीवर घट्ट दाबून बसायचे. अजून बसते. तुम्ही तिला नाही म्हणा, पण आजीचं सांगा."

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मुलगी आतल्या दारात उभी होती. बाप म्हणाला, "ताई, ते मुलीला कसं सांगायचं?" ह्याचे उत्तर तिच्याकडे नव्हते आणि आमच्याकडे तर नव्हतेच.

त्याने मुलीला त्या रात्री काय सांगितले ते आम्ही विचारलेले नाही. तो त्यांच्या घरचा विषय. आम्हाला एवढेच कळले की कागद दुसऱ्या दिवशीही सहीविना शाळेत गेला, पण नेला मुलीने, आणि बाईंना म्हणाली, "मला लावणी आवडते. पण तुम्ही मला का निवडलं ते सांगा." बाईंनी तिला उद्धट म्हटले. लावणी दुसऱ्या मुलीने केली. नाटक ठरल्याप्रमाणेच झाले.

इथे आमच्यात मतभेद आहे तो मांडतो. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे की लावणीला शाळेत जागाच नको; चौदा वर्षांच्या मुलींना नऊवारी नेसवून शिट्ट्यांसाठी उभे करणे ह्यात कसली संस्कृती? दुसऱ्याचे म्हणणे, जी कला आपल्या बायकांनी घामाने घडवली ती सोडून दिली की तिचे मालक दुसरेच होतात. भरतनाट्यम्‌चे झाले तसे. मैत्रीण म्हणते, तुम्ही दोघेही पुन्हा मुलीच्या अंगाबद्दलच ठरवताय. ह्यावर आम्ही दोघांनी विषय बदलला.

एका गोष्टीवर मात्र चौघे ठाम आहोत. नाट्य आणि नृत्य शाळेत बोट दाखवून नको, तास म्हणून हवे. वर्षभर, वेळापत्रकात, सगळ्या बाकांना. त्यात ताल आणि पावले शिकवा, आवाज कसा फेकायचा ते शिकवा, आणि सोबत हेही शिकवा की हा नाच कोणी घडवला, त्यांना काय मिळाले, तारपा कोणाचा, "पानी" म्हणणारा माणूस चुकतो म्हणजे कोणाच्या मापाने चुकतो. वसई रोडच्या पुढच्याच स्टेशनावर सोपारा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, अशोकाच्या लेखाचा तुकडाही तिथलाच. शूर्पारकाच्या त्या बंदरावर एक तरी नाटक आमच्या शाळेत व्हायला काय हरकत होती? दरवर्षी किल्ला सर करण्यातच आमची दहा वर्षे गेली.

शाळा हे करेपर्यंत थांबायला आम्हाला वेळ नाही. फेब्रुवारीपासून रविवारी संध्याकाळी पाच वाजता विहारात आठवी ते दहावीच्या मुलामुलींना घेऊन बसतो. सुरुवात जोतीरावांच्या 'तृतीय रत्न'पासून केली. १८५५ सालचे नाटक. दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारलेले, आणि पूर्ण छापून यायला १९७९ उजाडावे लागले. त्यात जोशी एका कुणबी जोडप्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो आणि शेवटी ते दोघे नवराबायको रात्रशाळेत जायला निघतात. म्हणजे आपले पहिले नाटकच शाळेत जाण्याविषयी आहे. त्याच १८५५ साली जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आणला. चौदा वर्षे म्हणजे नववी. हे सांगितल्यावर मुलांमध्ये जरा चुळबुळ झाली. एकाने विचारले, तिला किती मार्क पडले?

भूमिका वाटायची वेळ आली तेव्हा आम्ही बोट दाखवणार नाही असे आधीच ठरवले होते. ज्याला जे हवे ते मागा. जोशी व्हायला चार पोरे भांडली, ह्याचे आम्हाला नवल वाटले नाही. जोगाई, म्हणजे त्या कुणब्याची बायको, ही मोठी भूमिका. ती त्या मुलीने मागावी असे आमच्या मनात होते. तिने विदूषक मागितला. का म्हणून विचारले तर म्हणाली, "त्याला सगळ्यांच्या मध्येच बोलता येतं."

मागच्या रविवारी तिचे वडील ड्युटीवरून परस्पर विहारात आले. डबा हातात, दाराशी चप्पल काढून भिंतीला टेकून बसले. तासभर ऐकले. मुले गेल्यावर आम्हाला म्हणाले, "भाऊ, ह्या विदूषकाला नाचावं लागतं का कुठं?"

आम्ही पुस्तक उघडून पुन्हा शोधले. तसे काही लिहिलेले सापडले नाही. "तिने करायचं म्हटलं तर?" त्यांनी विचारले. मैत्रीण म्हणाली, "मग तिलाच विचारू. पुढच्या रविवारी याल ना दादा?"

"पुढच्या रविवारी रात्रपाळी आहे," ते म्हणाले, "पण पाचला येतो."